मान्यवरांची जागा

दुष्काळात गोदावरी आटली होती. नांदेडच्या घाटाला लागलेल्या आमच्या मोठ्या नावेचं नाक गाळात रुतलं. दोन्ही बाजूंना दुसऱ्या नावा खेटलेल्या, आणि माझी परीक्षा पलीकडच्या काठावर.

कानावर विडी खोचलेला नावाडी म्हणाला, "वजनदार माणसं जरा मागं सरका."

कुणी हललं नाही. शेजारचे गलेलठ्ठ भुसार व्यापारी तर आभाळात ढग शोधू लागले.

नावाड्यानं बांबू रोवला. "बरं मग, मान्यवरांनी मागं बसावं."

सगळेच मागे धावले. नाक उचललं गेलं आणि एका रेट्यात नाव मागच्या मागे फटीतून बाहेर आली आणि पलीकडच्या काठाकडे वळली.

पुढे मी एकटीच अवघडून बसले होते. नावाडी हळूच म्हणाला, "ताई, बसा निवांत. पलीकडं पुढचेच आधी उतरत्यात."