पाच दारांपलीकडचे पप्पा

लालबागच्या आमच्या चाळीत जूनमध्ये बातमी फिरली, की मनवाच्या आईबापांनी कॉलेजची फी माफ व्हावी म्हणून खोटा घटस्फोट घेतला. ही बातमी सांगताना लोक आवाज इतका खाली आणायचे की तो वरच्या मजल्यापर्यंत नीट पोचायचा.

खोटं त्यात काही नव्हतं. घटस्फोट चार वर्षांपूर्वीच झाला होता, कोर्टाच्या शिक्क्यासकट. फक्त चाळीला कोणी सांगितलं नव्हतं. मनवाचे पप्पा, दीपककाका, त्याच मजल्यावर पाच दारं सोडून आपल्या वारलेल्या चुलत्यांच्या खोलीत राहायला गेले. कोणी विचारलं की म्हणायचे, नाइट ड्युटी असते ना, दिवसा झोपायला शांतता लागते. वॉचमनची नोकरी, त्यामुळे सगळ्यांना पटलं. मनवाच्या आईने, कमलकाकूंनीही तेच चालू दिलं. ड्युटीवरून आले की मनवाला क्लासला सोडायला तेच जायचे, मग शंका कोणाला येणार?

मनवाला माटुंग्याच्या एका कॉलेजात फार्मसीची सीट लागली. फी सवलत मिळाली तरच ती घेता येणार होती. आईवडील वेगळे असतील तर एकट्या आईचं उत्पन्न धरतात, पण खिडकीवरचे क्लार्क अर्धं वाक्य चष्म्याच्या वरून आणि अर्धं खालून बोलले, "वेगळे आहेत, आणि मजला एकच? चाळ कमिटीचं पत्र आणा. शुक्रवारच्या आत."

सोबत एक अर्ज हवा होता. तो टाईप करायला मनवा, दीपककाका आणि मी, तिची मैत्रीण, निलेशच्या सायबर कॅफेत गेलो. निलेशकडे मजकूर तयारच असतो. त्याने दणादण बटणं मारली: वडील कुटुंबाला सोडून गेले असून त्यांचा ठावठिकाणा माहीत नाही. "साहेबाला रडू आलं पाहिजे बघ. सगळ्यांचं ह्याच्यावरच पास होतं."

मीही म्हटलं, असू दे गं, मार प्रिंट.

दीपककाका मागे फाईल धरून उभे होते. त्यांनी स्क्रीनवरचं सावकाश वाचलं. "राहू दे मनू," ते म्हणाले. "तुझं काम होऊ दे."

मनवाने निलेशला उठवलं, स्वतः बसली आणि ते वाक्य पुसून टाकलं. जे होतं तेच लिहिलं, पाच दारांसकट. बाहेर आल्यावर मी पैज लावली, की हा फॉर्म परत येणार. ती म्हणाली, "चल, लागली. हरलीस तर कोंडीरामकाकांची नक्कल त्यांच्या तोंडावर करायची."

कोंडीरामकाका म्हणजे आमच्या कमिटीचे सेक्रेटरी. त्यांची नक्कल मी एरवी जिन्याखाली करते. पत्र तेच देणार होते आणि बातमी त्यांच्यापर्यंतही पोचली होती. आम्ही गेलो तेव्हा कमिटीच्या ऑफिसात चारजण कॅरम खेळत होते.

"मी काय म्हन्तो दीपक, पोरीसाठी मानूस काय बी करतो. पन कमिटीच्या कागदावर खोटं कसं लिवायचं?" कोंडीरामकाका म्हणाले.

दीपककाका युनिफॉर्मवरच आले होते. "खोटं मी बोलत होतो. ते ड्युटीचं. आमचा घटस्फोट झालाय, चार वर्षं झाली. मी तिकडे एकटा राहतो." मग म्हणाले, "पोरगी माझी आहे, रोज मी तिला सोडायला जातो. तेही लिहा."

कॅरम थांबला. कोंडीरामकाका बराच वेळ पेन शोधत राहिले. ते त्यांच्या खिशालाच होतं. मग त्यांनी सगळं लिहिलं, शेवटच्या वाक्यासकट.

शुक्रवारी क्लार्कनी पत्र दोनदा वाचलं आणि विचारलं, हे शेवटचं कशाला? त्याची काही गरज नव्हती.

"खरं आहे म्हणून," मनवा म्हणाली.

त्यांनी कागद इतर कागदांना टाचला. पंधरा दिवसांनी मेसेज आला, सवलत मंजूर. मनवाने तो आधी कमलकाकूंना दाखवला, मग पाच दारं पळत जाऊन पप्पांना झोपेतून उठवलं. तिसरी मी.

रविवारी मी कमिटीच्या ऑफिसात उभी राहिले आणि कोंडीरामकाकांसमोर कोंडीरामकाका झाले. पेन शोधण्यासकट सगळं केलं. मनवा पहिल्या खुर्चीत बसली होती आणि मला काहीही गाळू देत नव्हती. काकांनी शेवटपर्यंत ऐकलं, मान डोलावली आणि तिला विचारलं, "मी काय म्हन्तो, ही हिनं नक्कल केली कोनाची?"