दॅटच्या पलीकडची खुर्ची

सुमती मावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुबईपासून तीन तासांवरच्या रुवैसच्या ऑफिसात एका सेफ्टी प्रोसिजरचं शेवटचं पान वाचत होते. रिफायनरीतल्या कामगारांसाठी सूचना लिहिणं हे माझं काम. व्हॉल्व्ह बंद असल्याची खात्री करावी, परवानगीशिवाय आत कोणी जाणार नाही याची काळजी घ्यावी, अशी वाक्यं दिवसभर. आई एवढंच म्हणाली, "रेवा, मावशी गेली गं. सकाळी. झोपेतच." मी "बरं" म्हणाले. मग समोरचं वाक्य पुन्हा वाचलं, आणि ते मावशींनी वाचलं असतं तर काय म्हणाल्या असत्या ते ऐकू आलं... "तुझ्या कागदात कोणी आशा करत नाही, कोणी घाबरत नाही. नुसते सगळे खात्री करत बसतात."

त्या माझ्या सख्ख्या मावशी नव्हत्या. दुबईत, ऊद मेथाला, आमच्या शाळेत त्या इंग्रजी शिकवायच्या आणि संध्याकाळी घरी ट्यूशन घ्यायच्या. आमच्याच बिल्डिंगमध्ये राहायच्या, म्हणून शाळेत मॅम आणि जिन्यात मावशी. त्यांचे यजमान, आमचे काका, रुवैसला नोकरीला होते, आठवड्याच्या शेवटी घरी यायचे आणि आमचा क्लास रेंगाळला की आतून ओरडायचे, "यल्ला, चला, खलास करा ते ग्रामर. माणूस तीन तास गाडी चालवून आलाय, त्याला चहा द्यावा असं कोणाला तरी वाटू दे." मावशी तिथूनच सांगायच्या, "द्यावा असं वाटतंय हो. करावा असं नाही वाटत." आम्ही मुलं खाली मान घालून हसायचो.

त्यांच्या हॉलमध्ये दोन खुर्च्या समोरासमोर ठेवलेल्या असत. एक साधी लाकडी, एक वेताची. बोर्डाच्या परीक्षेत नेहमी येणारा भाग होता : सजेस्ट, इन्सिस्ट, होप, फिअर अशा क्रियापदांनंतर दॅट येतं आणि त्या दॅटच्या पुढच्या वाक्यात शुड, मे, माइट यांच्यापैकी कोण बसतं. बाकी ट्यूशनमध्ये याचा तक्ता पाठ करून घेत. मावशी खुर्च्यांवर बसवत. लाकडी खुर्चीत बसणाऱ्याने वाक्य म्हणायचं. वेताच्या खुर्चीत ज्याच्याबद्दल वाक्य आहे तो. त्या म्हणायच्या, मराठीत एका 'यावं'त सगळं भागतं. आज्ञा असो, इच्छा असो, काळजी असो, 'त्याने यावं'. इंग्रजीला मात्र दर वेळी सांगावं लागतं की तुमचा आग्रह आहे, आशा आहे, की भीती. पण दोन्ही भाषांत एक गोष्ट सारखी. बोलणारा अलीकडे असतो, आणि ज्याने काहीतरी करायचं तो दॅटच्या पलीकडे. त्याला कोणी विचारलेलं नसतं. म्हणून वाक्य पुरं झालं की त्या वेताच्या खुर्चीकडे वळून विचारायच्या, "काय? करणार?"

मी वर्गात न बोलणारी मुलगी होते. एकदा अर्णव नावाचा एक मुलगा लाकडी खुर्चीत बसून, माझ्याकडे बघत, अगदी नाटकी आवाजात म्हणाला की रेवाने गाणं म्हणावं असा त्याचा आग्रह आहे. इंग्रजी चोख, शुड जागेवर. मावशी माझ्याकडे वळल्या. "काय रेवा, गाणार?" मी मान हलवली. नाही. सगळे हसतील असं वाटलं, तोवर त्या अर्णवला म्हणाल्या, "वाक्य अगदी बरोबर आहे. पण गाणं होणार नाही." आणि पुढच्या जोडीला बोलावलं. माझा नकार त्यांनी दुसऱ्यांदा तपासला नाही. घरी, शाळेत, पाहुण्यांत, मला तोवर असं कोणी एका नकारावर सोडलेलं नव्हतं. वेताच्या खुर्चीत बसायला मला आवडायला लागलं ते तेव्हापासून.

काका गेले, मावशी निवृत्त झाल्या, ट्यूशनची मुलं कमी होत बंद झाली. खुर्च्या होत्या तशाच राहिल्या. मला रुवैसला नोकरी लागली तेव्हा त्यांना फार आनंद झाला. "आता तूही तीन तासांवरून येणार. चहाचं बघायला हवं." मग गेल्या वर्षी त्यांच्या हृदयाचं दुखणं निघालं. एका शनिवारी दुपारी आई, बाबा आणि मी त्यांच्याकडे जमलो. निखिलदादा, त्यांचा एकुलता एक मुलगा, कॅनडातून लॅपटॉपवर. मावशींनी एकटीने राहू नये याबद्दल सगळ्यांचं एकमत होतं. दादाला वाटत होतं आईने त्याच्याकडे यावं. बाबांना वाटत होतं निदान पुण्याला बहिणीकडे जावं. आई म्हणाली, थंडीचा विचार करता पुणंच बरं पडावं. बोलणं चांगल्या मनाने चाललं होतं, त्यात कुठे खोट नव्हती. मी चहा आणला, आणि कप देताना मला दिसलं की मावशी वेताच्या खुर्चीत बसल्या आहेत. बहुधा पाठीला बरं वाटत असेल म्हणून. त्या प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होत्या, आणि त्यांच्याकडे कोणी बघत नव्हतं.

मी कपाकडे बघत म्हणाले, "मावशी, तुम्ही आज त्या खुर्चीत बसलायत."

बाबांना कळेना. मावशींना लगेच कळलं. डोळे मिचकावून म्हणाल्या, "मग विचार की."

"जाणार?"

"नाही."

लॅपटॉपवरून दादा म्हणाला, "आई, डॉक्टर इन्सिस्ट करतायत की तू कोणाजवळ तरी राहावंस."

"डॉक्टरांचं वाक्य अगदी बरोबर आहे, बाळा," मावशी म्हणाल्या.

त्या राहिल्या. खालच्या मजल्यावरच्या नर्स जेसी सकाळ-संध्याकाळ येऊन बघून जात. सुट्टी मिळाली की मी रुवैसहून बसने यायचे, अर्धा वेळ त्यांच्याकडेच असायचे. त्या बाल्कनीत तुळशीला पाणी घालत, जेसींच्या मुलीचा निबंध तपासत, माझ्या प्रोसिजरना नावं ठेवत. सुखात होत्या, असं मी म्हणू शकते. पण रुवैसला परत जाताना बसमध्ये दर वेळी न विचारलेला एक प्रश्न माझ्या शेजारी बसलेला असे... काही झालं आणि दादा वेळेत पोचला नाही तर?

तसंच झालं. दादा दुसऱ्या दिवशी आला, त्याच्यासाठी सगळे थांबले, आणि जेबेल अलीच्या स्मशानातून परत येताना तो कोणाशीही बोलला नाही. पुढच्या आठवड्यात फ्लॅट रिकामा करायला मी मदतीला गेले. फ्रिज, कपाटं गेली होती. हॉलमध्ये दोन खुर्च्या तेवढ्या उरल्या होत्या. दादा वेताच्या खुर्चीत बसला. दमला होता.

"त्या दिवशी तू विचारलंस म्हणून ती इथे राहिली," तो म्हणाला.

मी ज्या वाक्याची वाट बघत होते ते आलं होतं. मी उभीच राहिले.

"रागावलेलो नाही गं. फक्त... तिला माझ्याकडे यायचंच नव्हतं का?"

मला पटकन बोलता येत नाही. त्याने वाट बघितली, तेवढं मावशींचं त्याच्यात आहे. मी म्हणाले, "दादा, रोज संध्याकाळी तुझा व्हिडिओ कॉल यायचा ना, तेव्हा लॅपटॉप त्या खुर्चीवर असायचा. तू बसलायस त्या. मावशी समोर बसायच्या."

"टेबल होतं की."

"मीही तेच म्हणाले होते. तर त्या म्हणाल्या, 'त्याने कॅनडाला शिकायला जावं असं आम्ही दोघांनी ठरवलं. बारावी झाली आणि पाठवलं. जगाच्या पोरांना विचारत बसले, त्याला नाही विचारलं. एकदा विचारायचंय.' मग तुझा फोन यायचा, आणि जेवलास का, बर्फ पडला का, यातच संपायचा. मी पुढच्या वेळी आले की विचारायचे, झालं का विचारून? तर म्हणायच्या, 'उद्या. इन्शाल्ला.'"

दादाने समोरच्या लाकडी खुर्चीकडे बघितलं. मी स्वयंपाकघरात गेले, तिथे आवरण्यासारखं काहीच नव्हतं. तिथूनच ऐकू आलं. तो हळू आवाजात, पण स्पष्ट म्हणाला, "हो आई. मला जायचं होतं."

जाताना त्याने वेताची खुर्ची मला दिली, लाकडी विमानात नेता येत नव्हती तरी चौकशी करून कार्गोने नेली. माझी खुर्ची रुवैसच्या खोलीत खिडकीशी आहे. एका हाताचा वेत सुटलाय, तो मी टेपने बांधलाय. कामावरून आले की आईचा व्हिडिओ कॉल येतो, तो मी त्या खुर्चीत बसून घेते. परवा आई म्हणाली, "आम्हाला दोघांना वाटतं, तू आता ते रुवैस सोडून दुबईला यावंस." मग ती भाड्याचं, बसच्या प्रवासाचं सांगू लागली. आईला स्क्रीनवर माझ्या खांद्यामागे वेताची पाठ दिसली असावी, कारण ती मध्येच थांबली. चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला.

"येणार?" तिने विचारलं.