चकव्याचा जामीन

दर रविवारी मिस्सा आटोपून आले की बस्त्याव अंकल चर्चचा इस्त्रीचा शर्ट खुंटीला टांगायचे, बनियनवरच टेबलाशी बसायचे आणि फासे ओतत विचारायचे, "बोला, आज कोन कोन देव जागं हाय?" विचारणारा माणूस पन्नाशीचा, सातिवलीतल्या एका प्लास्टिकच्या कारखान्यात साचे बनवणारा, आमच्या बिल्डिंगीत तळमजल्यावर भाड्याने राहणारा. उत्तर देणारे आम्ही चौघे, त्याच बिल्डिंगीतले, कॉलेजात जाणारे. नव्वदचं दशक संपत आलं होतं. विरारजवळ बोळिंजला आमच्या सोसायटीत तेव्हा पाणी दिवसाआड यायचं आणि अक्कल त्याहून कमी. हे मी रागाने लिहिते आहे, ते आधीच सांगून टाकते.

खेळ असा, की पट नाही, सोंगट्या नाहीत. एकाने जग सांगायचं, बाकीच्यांनी त्या जगातलं एकेक माणूस व्हायचं, आणि जमलं की फसलं ते फाशाने ठरवायचं. अंकलच्या जहाजावरच्या भावाने परदेशातून या खेळाचं एक फाटकं पुस्तक आणलं होतं. त्यातले राक्षस अंकलना पसंत पडले नाहीत. "आपल्याला आपलं जग पायजे, बाय," म्हणत त्यांनी खाड्यांचं आणि मिठागरांचं जग रचलं. त्यात मिठाची आई होती. तिच्या भक्तांनी खोटं बोलायचं नाही. वादळाचा बाप होता. त्याच्या भक्तांनी दाराला कडी लावायची नाही. आणि चकवा होता, वाट चुकवणारा, सगळ्या देवांनी मिळून घराबाहेर काढलेला.

वीस बाजूंचा फासा विरारमध्ये कुठे मिळणार? अंकलनी कारखान्यात साचा कोरून तो ओतला. साच्यात चूक झाली. सात दोनदा आला आणि चौदा आलाच नाही. आम्ही हसलो तर हे गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "चौदा चकव्याने चोरला." तेव्हापासून सात पडला की चकवा काहीतरी खोडी काढणार, असा नियमच झाला. स्वतःची चूक देवाच्या माथी मारायची त्यांना सवय होती, आणि वर आपण ऐकून घ्यायचं.

चकव्याचा एक भक्त होता, पिटक्या. त्याचं सोंग अंकल स्वतः घ्यायचे. पिटक्या चोऱ्या करायचा, थापा मारायचा आणि शेवटी त्याच्याच एखाद्या थापेने गाव वाचायचं. पण त्याला कुठल्याच गावात थारा नव्हता. त्याला आत घ्यायचं तर कोणाला तरी जामीन राहावं लागे. तळहातावर मीठ घेऊन म्हणायचं, "ह्याची खोडी ती माझी खोडी." मी मिठाच्या आईची पुजारीण होते, नाव भिवरा. अंकल खरोखर उठून स्वयंपाकघरातून मिठाची बरणी आणायचे. "तोंडाची वाफ नको. मीठ हातावर घेतल्याबिगर जामीन नाय." चार वर्षं प्रत्येक गावाच्या वेशीवर मी ते वाक्य म्हटलं.

त्या जगाची वही आम्ही आळीपाळीने लिहायचो. चकव्याची दीक्षा माझ्या अक्षरात होती: घरचे देव मागे टाक, बापाचं नाव विसर, चकव्याचा हात धर. लिहिताना मला केवढा अभिमान वाटला होता. ती वही एकदा जिन्यात पडली आणि सेक्रेटरीच्या हाती लागली.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये मीटिंग भरली. खुर्च्यांवर सगळे शहाणे बसले आणि अंकलना उभं ठेवलं. सेक्रेटरींनी दीक्षा मोठ्याने वाचली. "पोरांना बाटवायचं चाललंय इथे. हे खपवून घ्यायचं?" कोणीतरी म्हणालं, यांच्या चर्चची माणसंही याला सैतानाचा नाद म्हणतात. चार वर्षं याच लोकांच्या गळक्या नळांना अंकलनी फुकट वायसर बसवून दिले होते. एकालाही विचारावंसं वाटलं नाही, की बाबा, हे आहे तरी काय? महिन्याच्या आत खोली खाली करा, एवढंच.

अंकल म्हणाले, "खेळ हाय तो. पोरांना इचारा ना." आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

शेजारी बाबा बसले होते. माझं अक्षर ते ओळखतात. त्यांनी माझं मनगट असं आवळलं, की बांगडी रुतली. मी उठले आणि म्हणाले, "आम्हाला काही माहीत नाही. अंकलनीच लिहिलंय सगळं."

मी, मिठाच्या आईची पुजारीण. सेक्रेटरींचा, बाबांचा, त्या खुर्च्यांवरच्या प्रत्येकाचा मला आजही संताप येतो. पण तो सगळा एकत्र केला तरी त्या मुलीवरच्या रागापुढे काहीच नाही.

सेक्रेटरींनी वही अंकलपुढे धरली. "अक्षर तुमचं?"

अंकलनी वही हातात घेतली, ते पान सावकाश वाचलं आणि पिटक्यासारखे हसले. "माझंच हाय. कोनाचं असनार?" त्यांनी वही काखेत मारली आणि ते घरात गेले. त्यांनी मला खोटारडी म्हणायला हवं होतं. ते म्हणाले नाहीत, याचाही मला राग आहे. महिना संपायच्या आत ते बहिणीकडे गावाला राहायला गेले. मी निरोप घ्यायलाही खाली उतरले नाही.

सात-आठ वर्षांनी ते गेल्याचं कळलं. मी दफनाला गेले. सगळ्यांनी मूठमूठ माती टाकली. मी घरून पुडीत मीठ नेलं होतं. ते तळहातावर घेतलं, पण वाक्य तोंडातून फुटेना. मातीबरोबर मीठ टाकून मी बाजूला झाले.

त्यांची बहीण जवळ आली. थकलेली बाई, डोक्यावर काळी ओढणी. माझ्या हाताला चिकटलेलं मीठ पाहून थांबली.

"बोळिंजची का गो तू?"

मी मान डोलावली.

"वही हाय त्याची माझ्याकडे. एक पान उघडून बसायचा नुसता. मी म्हटलं, काय वाचतोस सारखं? तर म्हने, वाचत नाय, अक्षर बघतोय." तिने माझा हात हातात घेतला. "त्याचं तर नव्हं ते. त्याचं अक्षर म्हनजे कोंबडीचे पाय. कोनाचं गो ते?"

"माझं," मी म्हणाले. "ते अक्षर माझं आहे."