रिकाम्या पोर्चची टीप

लिहिण्याचा मला अधिकार आहे, असे मला वाटत नाही. लातूरमधल्या एका वास्तुविशारदांच्या कार्यालयात मी आयुष्यभर नकाशे काढले. शब्द लिहिले ते फक्त त्यांच्या कडेच्या टिपांमध्ये. निवृत्तीनंतर एका माणसाविषयी लिहिण्याचे धाडस करते आहे, त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. त्याच्याविषयी दुसरे कोणी लिहील असे दिसत नाही, एवढेच माझे समर्थन.

मुरुडचे मन्मथअप्पा स्प्रिंकलर बसवीत. आग लागली की छतातल्या ज्या तोट्या आपोआप उघडून पाणी शिंपडतात, त्या. कपाळावर भस्माचे पट्टे आणि सदऱ्याच्या खिशात खडू. नव्या कामावर गेले की ते आधी छताकडे पाहत नसत. जवळपास तसलीच एखादी वापरातली इमारत शोधत आणि तिच्या दारात रुमाल अंथरून तासभर बसत. प्रथम पाहिले तेव्हा ते दमले असावेत असे वाटून मी पाण्याची बाटली पुढे केली. पाणी पिऊन म्हणाले, "दमलो न्हाई, ताई. बघायलोय."

नांदेडच्या एका खाजगी रुग्णालयाची नवी इमारत जुन्या इमारतीशेजारीच उभी राहत होती. तिच्या पोर्चवर मी टीप लिहिली होती: छत काँक्रीटचे, लाकूडकाम नाही, सामान ठेवले जाणार नाही, सबब येथे स्प्रिंकलर आवश्यक नाहीत. टीप नियमाला धरून होती. दारात शिरताच तोट्या दिसू नयेत, अशी डॉक्टरांचीही इच्छा होती. अप्पांनी टीप दोनदा वाचली, नकाशाची गुंडाळी केली आणि मला जुन्या इमारतीच्या पोर्चमध्ये घेऊन गेले. तेही पोर्च असेच, स्प्रिंकलरशिवायचे.

दुपारचे चार वाजले होते. भिंतीलगत सतरंज्या, गोधड्या, पुठ्ठ्याची खोकी, कपड्यांची गाठोडी. एक म्हातारी भाकरीचे फडके सोडून बसली होती.

"कुठल्या, माय?" अप्पांनी विचारले.

"जळकोटच्या. सून आत हाय. आज चवथा दिस."

"आन् झोपायला?"

"हितंच की. आत घेत न्हाईत, घर लई लांब. तुमचं कोण हाय आत?"

"अजून कोनी न्हाई," अप्पा म्हणाले. म्हातारीने अर्धी भाकरी त्यांच्यापुढे केली. त्यांनी ती घेतली.

तेवढ्यात रखवालदार आला. "मावशी, उचला, उचला. तपासणीवाले साहेब यायलेत." पाच मिनिटांत पोर्च माझ्या नकाशातल्यासारखे झाले. साहेब आले, पाहून गेले, आणि सतरंज्या परतल्या. म्हातारी पुन्हा त्याच जागी बसली.

"नियम खोटा न्हाई, ताई," अप्पा भाकरी मोडत म्हणाले. "रिकाम्या पोर्चसाठी लई बरोबर हाय. फकत तसलं पोर्च दावा मला."

संध्याकाळच्या बैठकीत अप्पांनी नव्या पोर्चमध्ये दोन तोट्या मागितल्या. डॉक्टर म्हणाले, "अप्पा, तिथे कुणाला बसूच देणार नाही. बोर्ड लावतो, माणूस ठेवतो."

"ज्याची लेक आत हाय, त्यो बोर्ड वाचंल व्हय?" अप्पा म्हणाले. "आन् हाकललं तर ती माणसं रस्त्यावर. त्यापरीस दोन तोट्या टाका की."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. "मॅडम, तुमचीच टीप आहे. तांत्रिकदृष्ट्या गरज आहे का?"

माझ्या डोळ्यांपुढे ती म्हातारी होती. मी म्हणाले, "नियमाप्रमाणे नाही, सर."

बाहेर आल्यावर अप्पा रागावतील असे वाटले होते. ते एवढेच म्हणाले, "तुमची पेन्सिल बोलती, ताई. तुम्ही कवा बोलनार?" दुसऱ्या दिवशी त्यांनी काम केले. आतल्या दालनाकडे जाणारा पाइप पोर्चवरूनच जात होता. त्यात त्यांनी दोन तोट्यांची जागा ठेवली, बूच बसवले आणि वर पांढरा रंग दिला. "जागा ठिवलीय," म्हणाले. कुणासाठी, ते त्यांनी सांगितले नाही.

गेल्या वर्षी अप्पा गेले. मुरुडला त्यांच्या घरी जाऊन आले आणि त्याच आठवड्यात नांदेडची बस धरली. नव्या पोर्चमध्ये बोर्ड होता. त्याच्या खिळ्याला कुणीतरी डब्याची पिशवी अडकवली होती आणि खाली सतरंज्या होत्या. मी रुमाल अंथरून तासभर बसले. मग डॉक्टरांच्या खोलीत गेले.

"सर, माझी ती टीप चुकीची होती."

"नियम बदलला का?"

"नाही. पोर्च रिकामे नाही. तेव्हाही नसणार, हे मला ठाऊक होते."

ते उठून खिडकीशी गेले आणि त्यांनी खाली पाहिले. "आता सगळे फोडावे लागेल?"

"नाही. अर्ध्या दिवसाचे काम आहे. अप्पांनी जागा ठेवली आहे."

तोट्या बसल्या. बसवायच्या दिवशी मी गेले होते. बुचांवरचा पांढरा रंग खरवडला तेव्हा खालच्या माणसांनी आपापली भांडी झाकली.

तीच टीप, त्याच शब्दांत, मी आणखी कितीतरी नकाशांवर लिहिलेली आहे. लातुरात, उदगीरला, रेणापूरला. आता पत्ते काढून एकेका दारात जाऊन बसते. सगळीकडे मला जाणे होणार नाही, म्हणून विचारते: तुमच्या इमारतीच्या पोर्चमध्ये दुपारी चार वाजता कोण बसलेले असते?