मोहाखालची झाडलेली जमीन

साठ सालानंतरची दोन-तीन वर्षं असतील. मुलींच्या शाळेची मुक्कामी सहल ही तेव्हा नवलाचीच गोष्ट होती. निसर्ग-अभ्यास शिकवणाऱ्या आमच्या बाई नागपूरहून आलेल्या, आणि रान पुस्तकातून शिकता येत नाही असं त्यांचं ठाम मत होतं. त्यांनी घरोघर जाऊन आईबापांच्या विनवण्या केल्या, आणि होळीनंतरच्या एका शनिवारी सातवीच्या आम्ही वीस मुली एसटीने राळेगावला, तिथून बैलगाड्यांनी जंगलखात्याच्या विश्रामगृहावर पोचलो. सोबत एक शिपाई, दोन कंदील आणि पानं दाबायला रद्दीचा मोठा गठ्ठा.

मी वसतिगृहात राहत होते. माझं घर तांड्यावर. आजोबांच्या आधीच्या पिढ्यांनी बैलांवर मीठ आणि धान्य वाहिलं. आता आमची थोडी शेती होती, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी आई मोहाची फुलं वेचायची. हे शेवटचं मी वसतिगृहात कुणाला सांगितलं नव्हतं. मोहाचं नाव निघालं की मुली दारूवर येत आणि दारूवरून तांड्यावर. वर्षभर खपून मी शाळेतली भाषा बोलायला शिकले होते. आपल्याला कोणी वेगळं धरू नये, एवढ्यासाठी माझी सगळी धडपड.

बाईंनी आमचे चार गट केले. ज्या गटाचा पानाफुलांचा संग्रह सरस ठरेल तो शाळेच्या सभागृहात लागणार होता, आणि खाली गटप्रमुखाचं नाव. एका गटाची प्रमुख मी होते. ते नाव मला फार हवं होतं, हे आजही नाकारत नाही.

पहिल्या दिवशी सगळ्यांचीच पानं सारखी झाली. पळस, ऐन, धावडा, तेंदू. त्यामुळे रविवारी उजाडताच बाई आम्हाला एका मोठ्या मोहाखाली घेऊन गेल्या तेव्हा चारी गटांना चेव चढला होता. मोह पहाटे गळतो, असं त्यांनी वाचलं होतं. प्रत्यक्षात त्याही ते पहिल्यांदाच पाहत होत्या. खाली फुलांचा सडा पडलेला. आणि त्या सड्याखालची जमीन, झाडाच्या सावलीएवढ्या गोलात, स्वच्छ. काडी नाही, वाळकं पान नाही.

एका मुलीने विचारलं, तेव्हा बाईंनी सांगितलं की वणव्यात पाला जळतो आणि वारा राख उडवून नेतो. मुलींनी ते वहीत लिहून घेतलं. वणवा असा मोजून गोल लागत नाही. फुलं गळायच्या आधी झाडाखालचा पाला जाळतात, मग जमीन खराट्याने झाडून घेतात. आमच्याकडे आई हेच करायची, आणि मी तिच्यामागे राख भरायचे. झाडलेल्या जमिनीचा अर्थ एकच: हे झाड कोणाच्या तरी घरचं आहे, याखालचं फूल दुसऱ्याने वेचायचं नाही. जंगलात असलं तरी. तांड्यावरचं शेंबडं पोरही ते जाणतं.

पण तुला कसं माहीत, असं बाई विचारणार, मग आईचं सांगावं लागणार. मीही वहीत वणवाच लिहिला.

मुलींनी परकराचे ओचे केले आणि वेचायला सुरुवात झाली. त्या वाकून एकेक फूल उचलत होत्या. मी उकिडवी बसून दोन्ही हातांनी वेचत पुढे सरकत होते; हात आपोआपच तसे चालले. माझा ओचा सगळ्यांच्या आधी भरला. बाई कौतुकाने म्हणाल्या की अशी चपळाई हवी. मला फार बरं वाटलं.

तेवढ्यात जवळच्या पोडावरची, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरची, एक बाई टोपली घेऊन आली. तिने आधी जमिनीकडे पाहिलं, मग आमच्या ओच्यांकडे. आमच्या बाईंना तिने काहीच विचारलं नाही. माझ्या समोर येऊन ती उभी राहिली आणि माझ्या हातांकडे पाहत म्हणाली,

"तुले तं ठाव होतं ना, पोरी? मंग सांगतलं काहून नाही?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "मला काही माहीत नव्हतं, बाई."

बाई भल्या होत्या. झाड आपल्या घरचं आहे, जमीन आपणच झाडली, असं त्या बाईने सांगितल्यावर त्यांनी तिची माफी मागितली आणि सगळ्यांना ओचे टोपलीत रिकामे करायला लावले. निम्मी फुलं वीस जणींच्या पायांखाली आधीच चिरडली होती, ती तशीच राहिली. संग्रहापुरती मूठभर मागितली, तेव्हा त्या बाईने मान हलवून दिली. ती मूठ माझ्याच गटाला मिळाली, कारण सर्वांत जास्त मी वेचलं होतं.

आमचा संग्रह पहिला आला. कागदावर चिकटवलेल्या मोहाखाली मी वळणदार अक्षरात लिहिलं होतं: रानात आपोआप गळणारं फूल. त्याखाली माझं नाव.

परीक्षा संपल्यावर आई मला न्यायला आली. सभागृह रिकामं होतं म्हणून मी तिला आत नेलं; मुली असत्या तर नेलं नसतं. तिला वाचता येत नव्हतं, पण वाळून तपकिरी पडलेला मोह तिने लांबूनच ओळखला. कोणाच्या झाडाचा, असं तिने आमच्या बोलीत विचारलं. मोह दिसला की तांड्यावर आधी हेच विचारतात.

कोणाच्याच नाही, रानातला आहे, मी म्हणाले.

आई कागदाजवळ गेली. फुलं निरखून पाहिली. माती चिकटलेली नाही, पाला नाही, चांगला साफ मोह आहे, म्हणाली. आणि मग सहज विचारलं, "मग झाडलं कोणी?"

मी माझी पेटी उचलली आणि गाडी चुकेल म्हणून तिला बाहेर काढलं. गाडीला अजून दोन तास होते.