धाकट्याच्या दारासमोरचा कंटेनर

शिरूर तालुक्यातल्या आमच्या गावात आजही असे सांगितले जाते, की धाकट्या भावाची वाट अडवण्यासाठी मी त्याच्या दारासमोर कंटेनर ठेवला. सांगणाऱ्यांत त्याचे दोन्ही मुलगे पुढे आहेत. हे साफ खोटे आहे, आणि अंगात श्वास आहे तोवर मी ते खोटेच म्हणणार.

माझ्या घराचा स्लॅब गळत होता. खोल्या पाडून नव्याने बांधायचे ठरले. राडारोडा वाहायला ट्रॅक्टरची ट्रॉली सांगितली आणि घरातले सामान ठेवायला दौंडहून एक लोखंडी कंटेनर भाड्याने आणला. आम्हा भावांचे अंगण एकच. क्रेनने तो उतरवताना मी माझ्या बाजूची जागा दाखवीत होतो. तेवढ्यात धाकटा काठी टेकीत बाहेर आला. दुपार कलली की ऊन दारातून थेट त्याच्या खाटेवर येई आणि आजारपणात ते त्याला सोसवत नसे.

"दादा, माझ्या दाराम्होरं ठेव," तो म्हणाला. "उन्हाला आडोसा व्हईल. मला आता कुठं जायाचं हाय?"

मी तसे केले. माणूस तिरका होऊन जाईल एवढीच फट उरली. त्याचे मुलगे तेव्हा कुरकुंभच्या कारखान्यात पाळीवर होते. संध्याकाळी त्यांनी कुरकुर केली, तेव्हा धाकटा 'राहू द्या' एवढेच म्हणाला. मुलांनी त्याचा अर्थ थोरल्या भावाची भीड असा घेतला.

भर उन्हाळ्यात तो गेला. तिरडी त्या फटीतून निघेना. क्रेनच्या मालकाला मी फोनवर फोन केले; क्रेन सोलापूर रस्त्यावर दुसऱ्या कामात अडकलेली. अखेर तिरडी मागच्या दाराने, माझ्या पाडलेल्या खोल्यांतून काढावी लागली. मी नुसता उभा होतो, असे म्हणतात. वाटेतल्या विटा मी हातांनी बाजूला केल्या आणि माझी बोटे सोलवटली. पाहणारे गावात आहेत. ते बोलत नाहीत.

स्मशानातून परतल्यावर थोरला पुतण्या म्हणाला, "आबा, तुमच्यामुळं आमच्या बापाला राडारोड्यातनं न्यावं लागलं."

मी त्याला धाकट्याचे शब्द जसेच्या तसे सांगितले.

"मेलेल्याच्या तोंडी काय बी घालता येतंय," तो म्हणाला. आवाज मुळीच चढवला नाही.

दहाव्याला मला बोलावणे आले नाही. मी गेलो आणि परक्यासारखा लांब उभा राहिलो.

धाकट्याचे बोलणे माझ्याखेरीज एकट्या क्रेनच्या ड्रायव्हरने ऐकले होते. मी दौंडला जाऊन त्याचा नंबर मिळवला आणि पुतण्यासमोर फोन लावून त्याच्याच हाती दिला. ड्रायव्हरचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"रोज कितने डिब्बे रखता हूँ, भैया. किसने क्या बोला, कैसे याद रहेगा?"

"ऐकलं ना, आबा?" पुतण्याने फोन परत दिला.

बांधकाम संपले, कंटेनर गेला. पुतण्यांनी अंगणात मधोमध भिंत घालायला काढली. तिचा पाया खोदू नये म्हणून मी एकटा आडवा उभा राहिलो होतो. आता गावात म्हणतात, भिंत म्हाताऱ्यानेच मागितली.