शोभाताईंनी घासलेल्या बाटल्या

आमच्या सौंसरच्या गल्लीत शोभाताईंच्या ओट्यावर बसताना चप्पल झटकून बसावं लागतं. त्यांचे यजमान उत्तमराव नगरपालिकेत आहेत. घरी आले की आधी पाय दाखवतात, मग तोंड. पाहुणा चहा पीत असतानाच शोभाताईंचं लक्ष त्याच्या कपाच्या बुडाशी असतं. त्यांच्या पाणी भरायच्या तांब्याच्या गुंडात बघून तर मी बरेचदा माझे केस नीट केले आहेत. संत्र्याच्या बगिच्यात गळून पडलेली हिरवी, आंबट संत्री आणायची, अर्धी कापायची आणि गुंड चोळायचा, ही त्यांची पद्धत.

त्यांची मुलगी सुप्रिया माझी विद्यार्थिनी. आता पांढुर्ण्याच्या कॉलेजात एम.एस्सी.ला आहे. तिचा प्रकल्प काळ्या मातीवर होता. संत्र्याच्या झाडांवर मोरचूद फवारतात, त्यातलं तांबं मातीत उतरतं. ते माती धरून ठेवते की विहिरीत सोडते, हे तिला दाखवायचं होतं. बाटल्यांत निळं मोरचुदाचं पाणी आणि शेतातली माती घालून तिनं घरीच हलवलं. माती खाली बसली आणि वरचं पाणी नितळ झालं. तांबं मातीच्या कणांना चिकटलं होतं. दुसऱ्या दिवशी बाहेरचे परीक्षक येणार होते. प्रकल्प मंजूर झाला नाही, तर वर्ष वाया जाणार होतं.

सुप्रिया बाजारात गेली आणि शोभाताईंना खिडकीत गाळानं भरलेल्या बाटल्या दिसल्या.

संध्याकाळी मी आवाज ऐकून गेलो. एक बाटली सोडून सगळ्यांतलं पाणी हिरवट निळं झालं होतं.

"आई, काय टाकलं यात?"

"संत्रं पिळलं. मळ निघून राहिला न, पाह्य कसा निळा निळा!"

"मळ नाही तो. माझा निकाल होता."

"निकाल असा मातीत ठेवतेत काय व? परीक्षा घेणारा मानूस काय म्हनंल, हिच्या घरी पानी नाही?"

सुप्रिया रडायच्या बेतात होती. उरलेली एक बाटली कपाटामागे होती, म्हणून वाचली होती. मी म्हटलं, "सगळ्याच ने. झालं ते जसंच्या तसं सांग."

शोभाताईही सकाळच्या बसमध्ये चढल्या. पोरीवर आळ येऊ नये म्हणून जातेय, म्हणाल्या. पिशवीत संत्री होती. मलाही साक्षीदार म्हणून ओढलं.

परीक्षक वयस्क होते. त्यांनी ऐकून घेतलं, मग शोभाताईंकडे वळले. "बाई, किती पिळलं?"

"बाटलीले अर्धं. बुडाशी चिकटलं होतं, मंग हलवलं."

"आता या चांगल्या बाटलीत करून दाखवा."

सुप्रियानं डोळे मिटून घेतले. शोभाताईंनी संत्रं पिळलं, बाटली खळखळवली. माती खाली बसू लागली. वरचं पाणी हळूहळू निळसर झालं. संत्र्यातल्या आम्लानं मातीला चिकटलेलं तांबं आपल्याकडे ओढून पाण्यात आणलं होतं.

"बगिच्यात ही फळं मातीवरच सडतात ना?" परीक्षकांनी सुप्रियाला विचारलं.

तिनं डोळे उघडले. "हो सर. म्हणजे तिथं माती तांबं सोडत असेल?"

"नुसतं 'असेल' म्हणून चालणार नाही. प्रकल्प मंजूर, पण रस मोजून घाला, पुन्हा करा. प्रत्येक बगिच्याची माती आणा."

शोभाताईंनी उरलेली संत्री परत पिशवीत टाकली. परीक्षकांनी एक घ्यायला हात पुढे केला होता. "आंबट हायेत, सर. भांड्याची हायेत," त्या म्हणाल्या.

आता त्यांच्या खिडकीत, न्हाणीबाहेर, पलंगाखाली गाळाच्या बाटल्या आहेत आणि कुणी हात लावायचा नाही, असा सुप्रियाचा हुकूम आहे. काल शोभाताई मला विचारत होत्या, "गुरुजी, ही डिग्री कवा संपते?" मी म्हटलं, वेळ लागेल. त्यांनी निमूटपणे कडक इस्त्रीचा टॉवेल आणला आणि बाटल्यांवर पांघरला.